निंबखारचा अब्बास

या, असे जवळ येऊन बसा. मागे खांबाला टेकलेल्या मंडळींनीही जरा पुढे सरकावं, कारण आजचं आख्यान टाळ-मृदंगाच्या गजरात सांगण्यासारखं नाही. ते पुराणातलंही नाही. अजून घडायचं आहे म्हणा, किंवा घडायला आता फारसा वेळ नाही म्हणा. यात राक्षस नाही की कुणाचा शाप नाही. एक यंत्र आहे, ते खोटं बोलत नाही. एक बाई आहे, तिनेही आयुष्यात कुणाला फसवलेलं नाही. आणि तरी दोघांच्या हातून एका माणसाचं वाटोळं होतं. कसं होतं, तेवढं सांगायचं आहे. मध्ये कुणी उठू नका म्हणजे झालं.

साल दोन हजार सत्तेचाळीस. नागपूरच्या मूळवेध प्रयोगशाळेत एका दुपारी एक दाढ आली. छोट्या काचेच्या डबीत, कापसावर ठेवलेली, वर लाखेची मोहोर. घेऊन आले होते तपास यंत्रणेचे उपअधीक्षक सोमकुवर. मोठा देह, मऊ आवाज, आणि घाम पुसायला खांद्यावर छोटा पंचा टाकण्याची सवय, गणवेशावरसुद्धा.

"मॅडम, ही सोनखांबवाल्याची," ते म्हणाले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख कांचन म्हैसने यांनी हातमोजे चढवता चढवता मान वर केली. सोनखांब धरणाच्या नियंत्रणकक्षात महिन्यापूर्वी स्फोट झाला होता. एकोणीस माणसं गेली. दोन दिवस आधी तिथली दरवाजांची मोटर दुरुस्त करून गेलेला एक मिस्त्री पकडला होता. अब्बास शेख, वय तेहतीस, राहणार निंबखार.

"हा म्हणतो, मी वऱ्हाडातला, जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं नाही," सोमकुवर म्हणाले. "आई आहे, पण सख्खी नाही. मूर्तिजापूरच्या स्टँडवर तान्हा सापडला, तिने उचलून आणला. म्हणजे रक्त तपासून उपयोग नाही. शाळेचा दाखला आहे, पण दाखला कुणाचाही खिशात घालता येतो. वरच्यांना एकच विचारायचंय. आपला की बाहेरचा?"

"दाढेला विचारू," कांचनताई म्हणाल्या.

आता दाढेला कसं विचारतात, ते ऐका. अवघड नाही.

माणूस जे पाणी पितो, ते त्याच्या अंगात नुसतं वाहून जात नाही, सही करून जातं. पाणी ज्या खडकातून झिरपतं त्या खडकाचे कण त्यात उतरतात, आणि काळ्या दगडाचे कण वेगळे, गाळाच्या मातीचे वेगळे. शिवाय पाण्यातला प्राणवायू हलका असतो तसा जडही असतो. जिथे ऊन तापतं आणि पाणी आटत राहतं, तिथे हलका उडून जातो, जड मागे राहतो. असं प्रत्येक गावच्या पाण्याचं आपलं एक वळण असतं, जसं हस्ताक्षराचं. ते वळण दातात उमटतं. दाढेच्या वरच्या टोपीत बाळपणाची पहिली वर्षं गोठून राहतात, आणि खाली मुळावर पुढच्या दर वर्षाला एक थर चढतो, झाडाच्या खोडात वलय चढावं तसा. मूळवेध यंत्र प्रकाशाच्या सुईने एकेक थर खरवडतं आणि त्या वर्षी हा माणूस कुठलं पाणी प्यायला ते सांगतं.

पण हस्ताक्षर ओळखायचं तर आधी सगळ्यांचे नमुने जवळ हवेत. ते जमवले डॉक्टर पुंडलिक काळपांडे यांनी. अठरा वर्षांपूर्वी सरांनी गावोगाव विद्यार्थी धाडले आणि देशातल्या गावागावाचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. परदेशांचे नकाशे विकत घेतले. सरांचा एक हुकूम होता: विहिरीवर, नळावर जायचं नाही. विहिरी दहा असतात, लोक पितात एकीचं. घरात जायचं, आणि 'तुम्ही पिता ते पाणी द्या' म्हणून मागायचं. हुकूम शहाणपणाचा होता. पूर्णेच्या खोऱ्यातली आठशे चौऱ्याण्णव गावं ज्या सव्वीस वर्षांच्या मुलीने दुचाकीवर पालथी घातली, ती हीच कांचन. सरांची लाडकी. सर तिला पोरीसारखं मानत आणि ती त्यांना बापापेक्षा जरा जास्तच.

पुढे यंत्राचा इतका बोलबाला झाला की लग्न जमवतानाही लोक केसाच्या टोकावरून काढलेलं छोटं मूळपत्र, म्हणजे पोरगा कुठलं पाणी प्यायला त्याचा दाखला, मागू लागले. 'पोरगा पुण्यात नोकरीला होता म्हणता, केस तर म्हणतात गडी दोन वर्षं घरीच होता!' अशा गमती झाल्या. पण केसात मावतात दोनच वर्षं. जन्मापासूनचं वाचन दाढ उपटल्याशिवाय होत नाही, म्हणून ते फक्त मोठ्या गुन्ह्यांतच होई.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पहिली बावीस वर्षं वाळवंटापलीकडच्या एका देशातल्या खाऱ्या दरीतली. पुढची अकरा इथली. खात्री शंभरात सत्त्याण्णव.

त्या देशाचं नाव घेत नाही. नाव घेतलं की ऐकणाऱ्याचं मन गोष्ट सोडून तिकडेच धावतं.

"म्हणजे बाविसाव्या वर्षी आत घुसला," सोमकुवर पंच्याने मान पुसत म्हणाले. "दोन हजार छत्तीस. आणि त्या सापडलेल्या पोराच्या नावाखाली राहिला. खरं पोर कुठं गेलं असेल, देव जाणे."

कांचनताईंनी सही केली. 

मग जे व्हायचं ते झालं. एका दाढेवरून दोन सरकारं भांडू लागली. आपण म्हणालो, तुमचा हेर आमच्या धरणात शिरला. ते म्हणाले, या माणसाशी आमचा काडीचा संबंध नाही. राजदूतांना बोलावणं गेलं, परत पाठवणं झालं. दीड वर्षापासून तिकडे अडकलेले आपले सात खलाशी, हद्द ओलांडली म्हणून धरलेले, त्यांच्या सुटकेची बोलणी तुटली. निंबखारची माणसं आधी म्हणत होती, 'आमच्यासमोर वाढला पोरगा.' पण अतिरेक्याला आश्रय दिला म्हणून सरपंचाला दोन दिवस बसवून ठेवल्यावर त्यांची आठवण अधू झाली. नऊ महिने हे चाललं.

भाद्रपदातल्या एका सकाळी प्रयोगशाळेच्या फाटकावरच्या रखवालदाराने आत फोन केला. "मॅडम, एक म्हातारी बसली आहे. उठवली तरी उठत नाही. म्हणते, पोराचा दात पाह्यचा आहे."

कांचनताई बाहेर आल्या. फाटकाच्या सावलीत एक सुकलेली बाई बसली होती. हिरव्या काठाचं लुगडं, डोक्यावरून पदर, पायात टायरच्या चपला.

"म्या हाजराबी. निंबखारची," ती म्हणाली. "माह्या पोराचा दात तुमच्याजोळ हाय म्हन्ते. वकील म्हन्ला, सारं घोडं त्या दाताजोळ अडलं. ठाण्यात गेली, तहसिलीत गेली. म्हटलं, आता दातालेच भेटू."

"मावशी, दात दाखवता येत नाही."

म्हातारीने डोळे बारीक केले. "थांब वं बाई. तू शिश्यावाली पोरगी नोहोस काय? फटफटीवर आल्ती, मांगं खोकं बांधून? उन्हानं तोंड लाल झाल्तं तुहं."

कांचनताईंना हसू आलं. "हो, मीच ती. आठवतं तुम्हाला?"

"आठोते म्हंजे! गावात फटफटीवर आलेली पहिली बाई तू. तुले गूळ-पानी म्याच देल्लं. तू पानी पेली अन् म्हन्ली, मावशी, हेच पानी शिशीत भरून द्या. अब्बास पंधराचा होता, त्यानंच तं धरली शिशी."

"तेच पाणी पीत होता ना तुम्ही सगळे?"

"आमी?" हाजराबीला प्रश्नच कळला नाही. "अवं, ते तं पाव्हन्यांचं पानी. आमच्या हिरीचं पानी खारं, निस्तं जहर. दाळ शिजे नाई त्या पान्यात. गोड पानी यायचं अकोटकडच्या डोंगरपायथ्यावून, ट्यांकरनं, आठ दिसाआड. एक घागर येकेका घराले. ते पाव्हन्यासाठी राखाचं, नाई तं कोनी बिमार असलं तं. आमी खारंच पेत जावो. माहा मालक त्यातच गेला, किडनी सडून."

"पण मी म्हटलं होतं, तुम्ही पिता ते द्या."

"म्हन्ली असशीन. पन सरकारातून पोरगी आली, पानी मांगते, तं तिले खारं देऊ काय? गावाची लाज नाई गेली?" मग जराशाने, आवाज खाली आणून: "काऊन वं? चुकलं काय माह्यं?"

कांचनताई फाटकाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. 

आत येऊन त्यांनी सगळ्यात आधी जुना नकाशा उघडला. पूर्णेच्या काठची ती आठशे चौऱ्याण्णव गावं. सगळ्यांचं पाणी जवळजवळ एकसारखं. याच गोष्टीवर सरांनी एक मोठा निबंध लिहिला होता, 'खोऱ्याची एकरूपता' म्हणून. सर वर्गात म्हणाले होते, "बघा, निसर्ग किती नीटनेटका असतो!" तो निसर्गाचा नीटनेटकेपणा नव्हता. गावोगावच्या बायांनी पाहुणीपुढे एकाच डोंगरपायथ्याचं, टँकरचं पाणी ठेवलं होतं. खारपाणपट्ट्याचं, म्हणजे खाऱ्या विहिरींच्या या मुलखाचं, खरं पाणी नकाशात कधी आलंच नव्हतं. आणि ज्या गावाची बाटली कपाटात नाही, त्याचं नाव यंत्र कुठून सांगणार? ते जवळातलं जवळ शोधतं. जगात त्या पाण्याच्या सगळ्यात जवळचं पाणी कुठे निघालं, तर त्या देशाच्या खाऱ्या दरीत.

आणि दोन हजार छत्तीस? त्या साली निंबखारला त्याच डोंगरातल्या धरणाच्या पाण्याचा नळ आला. अब्बास सीमा ओलांडून आला नव्हता. नळाला पाणी आलं होतं.

कांचनताई त्याच दिवशी म्हातारीला गाडीत घालून निंबखारला गेल्या. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली होती, ती दोघा गड्यांनी उचलली. पोहऱ्यातलं पाणी त्या आधी ओंजळीत घेऊन प्यायल्या. जीभ चरचरली. अठरा वर्षांपूर्वी हा एक घोट घेतला असता तर, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि पुढे कित्येक दिवस तोच येत राहिला. आणखी अकरा गावांच्या विहिरींचं पाणी घेऊन त्या परतल्या. निंबखारचं पाणी आणि अब्बासच्या पहिल्या बावीस थरांची रेघ यंत्राने एकावर एक ठेवली. सुईच्या अग्राइतकाही फरक नव्हता.

मग त्यांनी जुन्या नोंदी पाहिल्या. खारपाणपट्ट्यातल्या माणसांच्या दाढा यापूर्वी दोनदा आल्या होत्या. एकाला सीमेपलीकडे ढकलून दिलं होतं. दुसरा तुरुंगात वारला होता. दोन्ही अहवालांवर सही त्यांचीच.

काळपांडे सर अमरावतीला राहत. वय ब्याऐंशी, छातीत कफ, पण डोकं लख्ख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खारं पाणी, गूळ, टँकर. ऐकताना ते खुर्चीच्या हातावर बोटाने काहीतरी गिरवत होते.

"घरातून घ्या, हे मीच सांगितलं होतं," ते शेवटी म्हणाले.

"सर, मी एकदा तरी विचारायला हवं होतं की हे पाणी आलं कुठून. नुसतं पिऊन, बाटली भरून पुढच्या गावाला निघाले."

"आता काय करणार आहेस?"

"कोर्टात प्रतिज्ञापत्र देणार. नकाशा चुकला म्हणून. तुमची सही बरोबर असली तर कुणी उडवून लावणार नाही."

सरांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. "कांचन, नकाशा एका ठिकाणी चुकला असं तू म्हणशील. वकील म्हणतील, एका ठिकाणी चुकला तर दहा ठिकाणी का नसेल? सगळे सुटतील. त्यात खरे गुन्हेगार असतील. त्यांनी मारलेल्या माणसांच्या बायकापोरांना कोण तोंड देणार, तू?"

"पण हा निर्दोष आहे, सर."

"हा बाहेरचा नाही एवढं तुला कळलंय. निर्दोष आहे की नाही ते तुला ठाऊक नाही."

हे खरं होतं.  कांचनताई म्हणाल्या, "ज्यानं केलं त्याला शोधायचं तर आधी याचं मूळपत्र फाडायला हवं ना, सर? तोवर कुणी दुसरीकडे पाहणारच नाही."

"माझं आयुष्य आहे गं त्या नकाशात."

"माझंही तेच आहे."

सरांनी सही केली नाही. निघताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात मात्र ठेवला, नेहमीसारखा. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली तेव्हा काकूंनी दार अर्धंच उघडलं. "झोपलेत ते," म्हणाल्या. दुपारचे चार वाजले होते आणि आतून सरांचा खोकला स्पष्ट ऐकू येत होता.

सोमकुवर वाईट माणूस नव्हते, मंडळी. अशा गोष्टींत आपल्याला एक वाईट माणूस सापडला की बरं वाटतं. त्यांनी कांचनताईंचा नवा अहवाल दोनदा वाचला, दार लावून घेतलं आणि पंचा तोंडावरून फिरवला.

"मॅडम, उशीर झाला. परवा त्यांनी मान्य केलं."

"कुणी? काय?"

"त्या देशानं. म्हणाले, हो, आमचा नागरिक आहे. जन्माचा दाखला पाठवला. शाळेचं नाव, बापाचं नाव, गल्लीचं नाव. सगळं आहे."

"पण तो तिथला नाहीच! दाखला कुठून येईल?"

"तुमच्या पहिल्या अहवालात दरीचं नाव होतं. त्यांनी त्याच दरीतलं एक गाव निवडलं." सोमकुवर खिडकीबाहेर बघत बोलत होते. "त्यांनाही हे भांडण मिटवायचंय, आपल्यालाही. आपला माणूस म्हणून ते याला घेऊन जातात आणि आपले सात खलाशी सोडतात. शनिवारी. दोन्हीकडे विजय."

"आणि अब्बास?"

"सात आया आहेत मॅडम, सव्वादोन वर्षांपासून दाराशी उभ्या. त्यांना तुम्ही सांगा, की आमच्या बाटलीत चुकीचं पाणी भरलं गेलं म्हणून तुमची पोरं येत नाहीत. मला जमणार नाही."

कांचनताईंनी टेबलावरचा अहवाल उचलून घेतला. मग म्हणाल्या, "मला एकदा त्याला भेटू द्या."

दुसरा नमुना घ्यायचा, असं निमित्त लिहून सोमकुवरांनी परवानगी दिली. तेवढं त्यांनी केलं.

अब्बास काटकुळा निघाला, हसरा. हात मिस्त्रीचे, नखांत काळी रेघ अजून राहिलेली.

"तुमीच काय दातवाल्या बाई?" त्याने विचारलं. "बरं केलं. दुखतच होती दाढ."

"अब्बासभाऊ, चूक झाली माझ्याकडून," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सारं सांगितलं. तो डोळे मोठे करून ऐकत होता. बाटली धरल्याचं त्याला आठवत होतं. लाल बुचाची होती, म्हणाला.

"मंग आता सोडतीन मले?"

"मी उद्या कोर्टात सांगणार आहे."

"तुमी सांगसान, ते कळलं. सोडतीन काय, ते इचारलं."

त्यांना मान वर करवेना. त्याला ते पुरलं.

"तिकडचं पानी कसं हाय?" त्याने विचारलं.

"तुमच्या गावासारखंच. खारं."

तो एकदम खदखदून हसला. "मंग जमते! पोटाले तं काई फरक नाई पडनार." हसू ओसरल्यावर त्याच्या ओठाचा कोपरा हलत राहिला, आणि तो थांबवायला त्याने तोंडावर हात धरला. "पन बाई, तिथं मले वळखन कोन? मले तेंची बोली येत नाई. ते इचारतीन, तुह्या गल्लीत कोन राह्यते, म्या काय सांगू?"

शिपायाने वेळ संपल्याची खूण केली. अब्बास उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"मायले भेटसान तं सांगू नोका, मी भ्यालो म्हून."

प्रतिज्ञापत्र दाखल झालं. न्यायाधीश बाईंनी ते पानन् पान वाचलं आणि सरकारी वकिलांना विचारलं, "हे खरं असेल तर?" वकील म्हणाले, "महोदया, हा आता गुन्ह्याचा प्रश्न उरलेला नाही, दोन राष्ट्रांतला करार आहे. एक सार्वभौम सरकार स्वतः म्हणतंय की हा आमचा नागरिक. त्यावर आपण एका दाढेवरून वाद घालायचा का?" नऊ महिने ज्यांनी एका दाढेवरून आकाशपाताळ एक केलं होतं, त्यांचंच हे वाक्य. पुढची तारीख मंगळवारची पडली.

शनिवारी विमानतळावर सात खलाशी उतरले. हारतुरे झाले, आयांनी पोरांची तोंडं कुरवाळली, आणि ते पाहून रडू न आलेला माणूस माणूस नव्हे. कांचनताईही रडल्या. दुसऱ्या विमानात, खिडकीच्या पट्ट्या ओढून, अब्बास बसला होता.

मंगळवारी न्यायालयाने नकाशा चुकल्याचं मान्य केलं आणि तो दुरुस्त करण्याचे आदेश दिले. आदेशाच्या शेवटी एक ओळ होती: सदर आरोपी आता या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात नाही.

कांचनताईंना घरी बसवण्यात आलं. त्याचं त्यांना फार वाटलं नाही. सोनखांबचा तपास मात्र बंद झाला. आरोपी गेला, मग शोधायचं काय? स्फोट कुणी केला ते आजतागायत कळलेलं नाही. एकोणीस घरांना न्याय मिळाला असं पुढारी सांगतात आणि ती घरं ते ऐकून घेतात.

पाच महिन्यांनी बातमी आली. त्या देशात मधल्या काळात सत्ता पालटली होती. नव्या सरकारने अब्बासला जाहीर चौकशीपुढे उभं केलं. त्याला तिथली लिपी वाचता येईना. दाखल्यातल्या गल्लीत त्याला नेलं, तर कोणतं दार आपलं ते त्याला सांगता येईना. निकाल झाला, की हा आपला नागरिक नव्हेच, भारताने नागरिक म्हणून गळ्यात मारलेला हेर आहे. वीस वर्षं सक्तमजुरी.

आपल्या प्रवक्त्याला पत्रकारांनी विचारलं. तो कागदावरून वाचून म्हणाला, "संबंधित व्यक्ती त्या देशाची नागरिक असल्याचं त्या देशानेच लेखी कळवलेलं आहे. तिच्याशी भारताचा संबंध नाही."

ज्या दिवशी ते छापून आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी कांचनताई निंबखारला गेल्या. कैद्यांना पत्रं पोचवणारी एक परदेशी संस्था आहे, तिचा अर्ज त्यांनी मिळवला होता. हाजराबी ओट्यावर बसली होती. गेल्या काही महिन्यांत तिला ऐकू कमी येऊ लागलं होतं, म्हणून कांचनताई तिच्या कानाशी वाकून एकेक रकाना मोठ्याने वाचत होत्या. शेजारच्या बाया दाराआडून ऐकत होत्या. पुढे कुणी येत नव्हतं.

"कैद्याचं नाव?"

"अब्बास."

"वय चौतीस लिहिते. तुमचं नातं?"

"माय."

"पुढचं..." कांचनताई थांबल्या. "राष्ट्रीयत्व."

"ते काय अस्ते?"

"तो कोणत्या देशाचा, ते. हे लिहिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही म्हणतात."

हाजराबीने विचार केला. समोर नळाखाली हंडा भरत होता. तो भरून वाहू लागला तरी ती उठली नाही.

"यानं देऊन टाकला," ती म्हणाली. "त्यानं फेकून देला. आता कोनाचा म्हून लिवाव?"

"काहीतरी लिहावं लागेल, मावशी."

"तं लिही. हाजराबीचा."

कांचनताईंनी लेखणी टेकवली.  अक्षर त्यांनी नीट काढलं, कुणालाही वाचता येईल असं. दाराआडच्या बायांतली एक हळूच पुढे आली आणि तिने नळ बंद केला. मग तिथेच उभी राहून, पदराशी चाळा करत ती म्हणाली, "खाली माह्यंबी नाव लिवा. त्याले मी लहानपनापासून वळखते म्हून."

अर्ज गेला. उत्तर आलेलं नाही.

गोष्ट इथवरच आहे, मंडळी. पुढे न्यायला काही जवळ नाही. देवाघरी मूळवेध यंत्र नसेल. तिथे माणसाला कुठलं पाणी प्यायलास म्हणून विचारत नसतील, अशी आपली भोळी समजूत. पण इथे, खाली, दोन्ही सरकारांच्या याद्या धुंडाळल्या तरी त्या माणसाचं नाव सापडायचं नाही. म्हणून एक मागणं आहे. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, आपल्या लेकराबाळांची नावं घेऊन होतील, तेव्हा उठायच्या आधी आणखी एक नाव घ्या. मोठ्याने नको, मनातच घ्या. निंबखारचा अब्बास, हाजराबीचा. एवढी आठवण ठेवा.